डोळ्यांचं प्रेशर वाढलेलं, फील्ड मात्र स्वच्छ : पॅटर्न ईआरजी नेमकं काय सांगते?

दृष्टिलेखा (धागाकर्ती)

डोळ्यांतला दाब २१ मिमी पाऱ्याच्या वर, पण ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) ठीक, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं त्याची चाचणी) स्वच्छ, ओसीटी स्कॅनमध्ये तंतूंचा थर पुरेसा जाड. अशा माणसाला 'ऑक्युलर हायपरटेन्शन' असं लेबल लागतं आणि मग तो वर्षानुवर्षं एका विचित्र जागी उभा राहतो. आजार नाही म्हणावं तर दर काही महिन्यांनी तपासणीला बोलावतात. आहे म्हणावं तर डॉक्टर 'काचबिंदू झालेला नाही' असं सांगतात. मी डोळ्यांच्या विद्युत चाचण्या नोंदवण्याचं काम करते; पॅटर्न ईआरजी (ईआरजी म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राम, डोळ्याने दिलेल्या विद्युत उत्तराची नोंद) त्यांतलीच एक. समोर बसलेल्या अशा माणसांचा प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो : ही चाचणी काढून आता नवीन काय कळणार आहे? त्याचं उत्तर खुर्चीत बसवलेल्या माणसाला दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी पार्श्वभूमी. नुसता दाब वाढलाय म्हणून सगळ्यांना काचबिंदू होत नाही. अमेरिकेतल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी या मोठ्या अभ्यासात १६३६ माणसं होती. त्यांच्यातल्या अर्ध्या लोकांना दाब कमी करणारे थेंब दिले, उरलेल्यांवर फक्त लक्ष ठेवलं. २००२ मध्ये निकाल आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. थेंबांनी धोका निम्म्यावर आला हे खरंच. पण तोच आकडा उलट बाजूनेही वाचा : औषध न घेताही पाच वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना काहीच झालं नाही. म्हणून सगळ्यांना जन्मभर थेंब लावायचे की नाही, हा वाद आजही संपलेला नाही. आणि 'थांबून पाहू' असं ठरवलं तर नक्की काय पाहायचं, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न.

आपण पाहतो त्या दोन गोष्टी. ओसीटी थराची जाडी मोजते, म्हणजे किती तंतू शिल्लक आहेत ते. फील्ड टेस्टमध्ये तुम्हाला किती दिसतं ते कळतं. मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यांवर झालेल्या कामातून दिसलंय की फील्डमध्ये ठळक दोष उमटेपर्यंत डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, म्हणजे रेटिनातल्या, गँग्लियन पेशींपैकी (ज्यांचे तंतू मिळून ऑप्टिक नर्व्ह बनते) साधारण २५ ते ३५ टक्के पेशी गेलेल्या असू शकतात. एका डोळ्यात या पेशी दहा लाखांच्या आसपास असतात आणि त्या पुन्हा येत नाहीत.

या दोन्हींच्या अलीकडे आणखी एक टप्पा आहे. पेशी जिवंत आहे, तिचा तंतू जागेवर आहे, पण ती नीट काम करत नाहीये. दाबामुळे नर्व्हच्या मुळाशी असलेल्या जाळीदार पटलात तंतू चेपले जातात, तंतूंमधून होणारी वाहतूक मंदावते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की पेशी मरण्याच्या आधी तिच्या फांद्या आखडतात, शेजारच्या पेशींशी असलेले जोड कमी होतात. अशी पेशी ओसीटीत पूर्ण दिसते. पॅटर्न ईआरजी, म्हणजे आमच्या बोलण्यातली 'पर्ग', या आजारी पण जिवंत पेशींचं काम मोजते. एवढ्यासाठीच ती कामाची.

साध्या ईआरजीत प्रकाशाचा झोत टाकतात. १८६५ मध्ये स्वीडनच्या होल्मग्रेन यांनी बेडकाच्या डोळ्यात प्रकाशामुळे विद्युत बदल होतो हे पाहिलं, तिथून ही शाखा सुरू झाली. पण झोताला मिळणाऱ्या उत्तरात वरचढ असतात त्या प्रकाशग्राही पेशी आणि त्यांच्या पुढच्या बायपोलर पेशी. गँग्लियन पेशींचा आवाज त्यात बुडून जातो. त्यामुळे दाब वाढलेल्या माणसाची साधी ईआरजी बहुधा अगदी व्यवस्थित येते, आणि त्यावर निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. पर्गमध्ये समोरच्या मॉनिटरच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट असतो. काळे चौकोन पांढरे होतात, पांढरे काळे, पण एकूण उजेड तेवढाच राहतो. उजेड बदलत नसल्यामुळे आधीच्या पेशींची उत्तरं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात आणि उरतं ते मुख्यतः गँग्लियन पेशींचं. १९८१ मध्ये माफ्फेई आणि फिओरेंतिनी या इटालियन शास्त्रज्ञांनी मांजरांवर हे दाखवून दिलं. ऑप्टिक नर्व्ह कापल्यानंतर गँग्लियन पेशी हळूहळू मरत गेल्या तशी चौकटींची ईआरजी नाहीशी झाली, झोताची मात्र तशीच राहिली. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत देखणा प्रयोग आहे.

प्रश्न विचारा, वेळ मिळेल तशी उत्तरं देते.

---

पाऊलवाट

ताई, फार वेळेवर धागा काढलात. माझं प्रेशर दोन्ही डोळ्यांत २६-२७ असतं. फील्ड दरवेळी चांगली. कॉर्निया (डोळ्याचा सगळ्यांत पुढचा पारदर्शक थर) जाड आहे म्हणतात, ६०० मायक्रॉनच्या आसपास. आईला काचबिंदू आहे, त्यामुळे मनात धास्ती असते. पर्ग सुचवली आहे. दुखते का? बुबुळावर लेन्स बसवतात असं कोणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून टाळतोय.

---

दृष्टिलेखा

पाऊलवाट, पर्गसाठी बुबुळावर लेन्स बसवत नाहीत. तशी लेन्स झोताच्या ईआरजीत वापरतात. चौकटी तुम्हाला स्वच्छ दिसायला हव्यात, आणि लेन्समुळे चित्र धूसर होतं, म्हणून ती इथे चालतच नाही. आम्ही खालच्या पापणीच्या आत, अश्रूंच्या थरावर टेकेल असा चांदीचा मुलामा असलेला अगदी बारीक धागा ठेवतो. पहिल्या मिनिटात पापणीत केस गेल्यासारखं वाटतं, मग जाणवतही नाही. काही ठिकाणी सोन्याचा पातळ पत्रा पापणीवर अडकवतात. एक इलेक्ट्रोड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ, एक कपाळावर. विजेचा धक्का बसत नाही, कारण वीज आम्ही सोडत नाही, तुमच्या डोळ्यात तयार होते ती फक्त टिपतो. बाहुली मोठी करणारे थेंबही नसतात.

तुमचं काम एवढंच : मधल्या खुणेकडे टक लावून बघायचं आणि सांगितल्यावर पापण्या मिटायच्या. स्वतःचा चष्मा न्या. पडद्याच्या अंतराला कोणता नंबर लागतो ते तिथे तपासून त्याप्रमाणे काच लावतात. ही गोष्ट कोणी विसरत असेल तर तुम्ही आठवण करा. का, ते पुढे लिहिते, कारण या चाचणीची सगळी गोम तिथेच आहे.

---

खटपट्या

इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे म्हणून विचारतो. सिग्नल किती मोठा असतो? पापणी लवली तरी शेकडो मायक्रोव्होल्टचा गोंधळ होत असणार. त्यातून हा कसा वेगळा काढता?

---

दृष्टिलेखा

खटपट्या, बरोबर जागी बोट ठेवलंत. पर्गची मुख्य लाट, जिला पी-५० म्हणतात, निरोगी माणसात साधारण २ ते ८ मायक्रोव्होल्ट इतकीच असते. हृदयाचा ईसीजी मिलिव्होल्टमध्ये असतो, म्हणजे पर्ग त्याच्या शेकडो पटींनी लहान. एका उलटापालटीच्या नोंदीत ती डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून सरासरी. डोळ्यांच्या विद्युत चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, आयएससीईव्हीचं, प्रमाण आहे : चौकटीची बाजू ०.८ अंश, पटाची रुंदी सुमारे १५ अंश, सेकंदाला ४ उलटापालटी, काळ्या-पांढऱ्यातला फरक जवळजवळ शंभर टक्के. अशा किमान १०० नोंदी मिळवून सरासरी काढायची. गोंगाट नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे शंभर नोंदींनी दहावा हिस्सा. पापणी लवलेल्या नोंदी यंत्र आपोआप टाकून देतं. आणि सगळा प्रकार निदान दोनदा करून दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवायचे. ते जुळले नाहीत तर त्या आकड्याला किंमत नाही. मी तरी एकच आलेख असलेला अहवाल पाहिला की तो बाजूला ठेवते.

प्रमाण पद्धतीत तीन वळणं दिसतात. ३५ मिलिसेकंदांच्या सुमाराला छोटी खोलगट लाट, मग ५० च्या सुमाराला वर जाणारी पी-५०, मग ९५ च्या सुमाराला खाली जाणारी एन-९५. एन-९५ जवळजवळ पूर्णपणे गँग्लियन पेशींची. पी-५० मध्ये आधीच्या पेशींचाही वाटा असतो, आणि मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) बिघडला की पी-५० पडते. त्यामुळे नुसती 'पर्ग कमी' हे काचबिंदूचं लक्षण ठरत नाही. कोणती लाट कमी, हे बघावं लागतं.

दाब वाढलेल्यांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी पद्धत वापरतात, चौकटी जलद उलटवण्याची, सेकंदाला १५-१६ वेळा. तेव्हा वेगवेगळ्या लाटा दिसत नाहीत, एकसारखी नागमोडी रेषा मिळते आणि त्या ठरावीक वारंवारितेला किती ताकद आहे ते फूरिये पद्धतीने काढतात. तुमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच समजेल : गोंगाट सगळ्या वारंवारितांवर पसरलेला, सिग्नल एकाच ठिकाणी, त्यामुळे शेजारच्या वारंवारितांवरून गोंगाटाचा अंदाजही मिळतो. काचबिंदूच्या सुरुवातीला ही पद्धत जास्त संवेदनशील ठरते असं या क्षेत्रात मानलं जातं.

---

खटपट्या

छान. मग एक शंका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यांची जागा एलसीडीने घेतली. एलसीडीला काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करायला सारखा वेळ लागत नाही. म्हणजे उलटण्याच्या क्षणी एकूण उजेडात क्षणभर उडी येणार.

---

दृष्टिलेखा

येते, आणि तोच या क्षेत्रातला डोकेदुखीचा विषय आहे. ती उजेडाची उडी म्हणजे छोटा झोतच, आणि त्याचं उत्तर गँग्लियन नसलेल्या पेशींकडून येऊन आलेखात मिसळतं. चांगल्या प्रयोगशाळा पडदा प्रकाशमापकाने तपासून घेतात, चौकटींशिवायचा रिकामा आलेख घेऊन तुलना करतात. यंत्र विकत घेताना सॉफ्टवेअर किती देखणं आहे यापेक्षा पडदा कसा आहे हे आधी विचारायला हवं.

---

नेत्रतज्ज्ञ_७

दृष्टिलेखा यांनी चांगलं लिहिलं आहे, तरी दुसरी बाजू मांडतो. मी काचबिंदूचे रुग्ण पाहतो आणि पर्ग क्वचितच सुचवतो. कारणं तीन. एक, तीच चाचणी त्याच माणसावर दुसऱ्या दिवशी केली तर आकडा बराच हलतो. दोन, वयाप्रमाणे ती कमी होतेच, त्यामुळे प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःचे सामान्य आकडे लागतात आणि ते अनेकांकडे नसतात. तीन, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अहवाल 'असामान्य' आला की घाबरलेला माणूस आयुष्यभराच्या थेंबांवर जातो.

उपचार द्यायचा की नाही हे ठरवायला वर सांगितलेल्या अभ्यासातूनच पाच गोष्टी हाती आल्या आहेत : वय, दाब, कॉर्नियाची जाडी, ऑप्टिक नर्व्हच्या टोकावरच्या खळग्याचं उभं प्रमाण आणि फील्डमधला पॅटर्न स्टँडर्ड डेव्हिएशन (फील्ड किती असमान आहे ते सांगणारा आकडा). यांवरून धोक्याचा अंदाज येतो. त्यातली कॉर्नियाची जाडी तर कोणाच्या ध्यानीमनी नसताना पुढे आली. ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्निया असलेल्यांना धोका बराच जास्त निघाला. पाऊलवाट, तुमचा ६०० म्हणजे दिलासा देणारी बाजू. दाब मोजण्याचं गोल्डमन उपकरण सुमारे ५२० मायक्रॉन जाडी गृहीत धरून बनवलं आहे. जाड कॉर्नियात ते थोडा जास्त आकडा दाखवतं. मात्र आईच्या इतिहासामुळे नियमित तपासणी सोडू नका.

---

दृष्टिलेखा

डॉक्टर, तुमचे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत, तिसरा तर अगदी मनापासून. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो.

जर्मनीत फ्रायबुर्गला मिखाएल बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाब वाढलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांची युक्ती अशी : बारीक चौकटींना, ०.८ अंशांच्या, मिळणारं उत्तर आणि खूप मोठ्या चौकटींना मिळणारं उत्तर, दोन्ही मोजायची आणि त्यांचं गुणोत्तर घ्यायचं. काचबिंदूच्या सुरुवातीला बारीक चौकटींचं उत्तर आधी ढासळतं, मोठ्यांचं बराच काळ टिकतं. आणि दोन्ही उत्तरं त्याच डोळ्यातून, त्याच इलेक्ट्रोडवरून, त्याच बैठकीत येतात. धागा किंचित इकडेतिकडे बसला, माणसाची पर्ग मुळातच छोटी असली, तर दोन्ही सारखीच कमी होतात आणि गुणोत्तर बदलत नाही. तुमच्या पहिल्या दोन आक्षेपांतला बराच भाग इथे निघून जातो. २०११ च्या त्यांच्या निबंधात १२० डोळे होते, सरासरी दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा. त्यांपैकी १३ डोळ्यांत पुढे फील्ड बिघडली, आणि पर्गमध्ये त्याची चाहूल सुमारे चार वर्षं आधी लागत होती. अचूकता साधारण चारात तीन. म्हणजे चारातला एक निकाल चुकीचा. एवढ्या अचूकतेवर कोणाला एकट्या अहवालावरून थेंब सुरू करू नयेत, हे तुमचं म्हणणं पक्कं. शिवाय १३ डोळे ही लहान संख्या आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

मायामीत पोर्चियात्ती यांच्या गटाने काचबिंदूचा संशय असलेल्या लोकांत पर्ग आणि ओसीटी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी ठेवली. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की पर्गमध्ये १० टक्के घट दिसणं आणि तंतूंच्या थरात १० टक्के घट दिसणं, यांत साधारण आठ वर्षांचं अंतर असू शकतं. त्याच गटाने आधी हेही नोंदवलं होतं की दाब औषधाने उतरवल्यावर काही डोळ्यांतली पर्ग वर येते. मला विचाराल तर हीच सगळ्यांत मोठी गोष्ट. ओसीटीतला थर एकदा पातळ झाला की परत जाड होत नाही. पर्ग परत वर येऊ शकते. म्हणजे मधे एक काळ असा आहे की त्यात केलेल्या उपचाराने पेशी वाचतात, आणि तो काळ आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही रोजच्या चाचणीत दिसत नाही.

---

नेत्रतज्ज्ञ_७

हे मान्य. तरीही मी म्हणेन की फील्ड टेस्टवर लोकांचा उगाच राग असतो. ती कंटाळवाणी आहे, पण दिसतं की नाही हे शेवटी तीच सांगते.

---

दृष्टिलेखा

नक्कीच. आणि फील्डही एकदा बिघडली म्हणून खरी मानत नाही ना आपण? अमेरिकेतल्या त्याच मोठ्या अभ्यासात पहिल्यांदा असामान्य आलेल्या फील्डपैकी सुमारे ८६ टक्के पुन्हा केल्यावर तशा निघाल्या नाहीत. फील्डला आपण दुसरी संधी देतो. पर्गलाही तेवढीच द्यावी, इतकंच माझं मागणं.

---

सुमनकाकू

मला मोतीबिंदूची सुरुवात आहे आणि दाबही २४. माझी पर्ग 'कमी' आली. वाचून जीव घाबरा झालाय. गुणोत्तर पण कमी लिहिलंय. म्हणजे काचबिंदू येणारच का?

---

दृष्टिलेखा

काकू, आधी शांत व्हा. मी वर गोम म्हटलं होतं ती हीच, आता नीट सांगते.

बारीक चौकटी आणि मोठ्या चौकटी यांच्यावर धूसरपणाचा परिणाम सारखा होत नाही. नजर थोडी जरी धूसर असली, चष्म्याचा नंबर चुकला असला, मोतीबिंदू असला, अश्रूंचा थर खराब असला, तर बारीक काळ्या-पांढऱ्या चौकटी एकमेकींत मिसळून करड्या होतात आणि त्यांचं उत्तर घसरतं. मोठ्या चौकटींच्या कडा थोड्या पुसट होतात, पण त्यांचं उत्तर टिकतं. म्हणजे गुणोत्तर कमी होतं, अगदी तसंच जसं काचबिंदूच्या सुरुवातीला होतं. यंत्राला फरक कळत नाही. गुणोत्तराने इलेक्ट्रोडची चूक निघून जाते, पण धूसरपणाची चूक मात्र तशीच आकड्यात शिरते. म्हणून चाचणीच्या आधी पडद्याच्या अंतरावर दृष्टी तपासून ती चांगली असेल तरच गुणोत्तराला अर्थ द्यायचा. तुमच्या अहवालात चाचणीच्या वेळची दृष्टी लिहिली आहे का पाहा. नसेल तर तो आकडा काचबिंदूबद्दल काही सांगतो असं मी मानणार नाही.

मोतीबिंदू असणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे, फोटोपिक निगेटिव्ह रिस्पॉन्स. निळ्या पार्श्वभूमीवर लाल झोत टाकतात आणि मोठ्या लाटेनंतर जो संथ खळगा येतो तो मोजतात. १९९९ मध्ये माकडांवरच्या कामात दिसलं की हा खळगा गँग्लियन पेशींच्या कामावर अवलंबून आहे. यात चौकटी नाहीत, त्यामुळे नजर किती स्वच्छ आहे याची तेवढी चिंता नाही. बाहुली मात्र थेंबांनी मोठी करावी लागते आणि माणसामाणसांतला फरक यातही बराच आहे. आयएससीईव्हीने याची पद्धत २०१८ मध्ये ठरवून दिली. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

---

सुमनकाकू

अहवालात दृष्टीचं काहीच नाही गं बाई. चष्मा पण काढायला लावला होता. आता डॉक्टरांशी बोलते.

---

दृष्टिलेखा

काकू, मग ती चाचणी परत व्हायला हवी, बरोबर काच लावून. तोवर त्या आकड्याची काळजी करू नका. दाबाची तपासणी मात्र चुकवू नका, कारण २४ हा आकडा खरा आहे.

---

अनामिक वाचक

मल्टिफोकल ईआरजी असते ना, रेटिनाच्या वेगवेगळ्या भागांचा नकाशा देणारी? ती तर जास्त चांगली वाटते.

---

दृष्टिलेखा

मॅक्युलाच्या आजारांसाठी ती फार चांगली. नेहमीच्या पद्धतीत मात्र तिचं उत्तर प्रकाशग्राही आणि बायपोलर पेशींकडूनच येतं, गँग्लियन पेशींचा वाटा फार थोडा. त्यामुळे या कामाला ती कमी पडते. पर्ग कमी आली आणि मॅक्युलातच काही नाही ना अशी शंका असेल, तर ती फेडायला मात्र उपयोगी.

---

वैशाख

कुठेतरी वाचलं की व्हिटॅमिन बी-३ च्या गोळ्यांनी ईआरजी सुधारते. दाब वाढलेल्यांनी आताच सुरू करावं का?

---

नेत्रतज्ज्ञ_७

नाही, स्वतःहून अजिबात नाही. २०२० मध्ये निकोटिनामाइडवर एक प्रयोग आला होता, काचबिंदूचे रुग्ण होते, त्यांचे दाबाचे उपचार चालूच ठेवून ही गोळी दिली. डोस दिवसाला १.५ ग्रॅमवरून ३ ग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या व्हिटॅमिनच्या गोळीच्या कितीतरी पट. वर उल्लेख झालेला फोटोपिक निगेटिव्ह रिस्पॉन्सचा खळगा काही जणांत सुधारला. पण काळ थोड्या आठवड्यांचा होता. त्यावरून नजर वाचते असं म्हणता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या डोसने यकृतावर परिणाम होऊ शकतो. दाब कमी करणं हा आजही एकमेव सिद्ध झालेला उपाय आहे, थेंबांनी किंवा एसएलटी लेसरने (डोळ्यातलं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीवर मारायचा लेसर). लेसरबद्दल सांगायचं तर ब्रिटनमधल्या २०१९ च्या लाइट अभ्यासात काचबिंदू आणि दाब वाढलेले, दोन्ही प्रकारचे लोक होते. लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय होते.

ज्यांना दमा आहे त्यांनी टिमोलॉलचे (दाब कमी करणारे) थेंब सुरू होण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. आणि स्टिरॉइडचे थेंब, मलम, फवारे, गोळ्या यांपैकी काही चालू असेल तर तेही. अनेकांचा दाब त्यानेच वाढलेला असतो.

---

दृष्टिलेखा

स्टिरॉइडचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा. चाचणीपेक्षा तो आधी विचारायला हवा.

---

पाऊलवाट

दोघांचं वाचून बरंच स्वच्छ झालं. एक विचारायचं राहिलं. त्या मोठ्या अभ्यासाचं पुढे काय झालं? पाच वर्षांत नव्वद टक्के ठीक, पण मी तर अजून बरीच वर्षं जगणार आहे.

---

नेत्रतज्ज्ञ_७

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण इथे खोटा दिलासा देऊन चालणार नाही. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. सुरुवातीची दोन गटांतली विभागणी नंतर संपली, सगळ्यांना औषधं उपलब्ध झाली, तरी वीस वर्षांत एका किंवा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झालेल्यांचं प्रमाण ४५.६ टक्क्यांवर पोचलं. फील्डमध्ये दोष आलेले साधारण चारात एक. म्हणजे 'पाच वर्षं काही झालं नाही, आता सुटलो' असं नसतं. पण उरलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना वीस वर्षांतही झाला नाही, हेही तितकंच खरं.

---

दृष्टिलेखा

आणि या दोन गटांत तुम्ही कुठे आहात हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच मी एका पर्गवर विश्वास ठेवत नाही आणि पर्गच्या मालिकेवर ठेवते. सामान्य लोकांशी तुलना केली तर तुमचा आकडा मर्यादेत येऊनही तुमच्यापुरता घसरलेला असू शकतो. स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना केली तर ते दिसतं. अट एकच, दरवेळी परिस्थिती सारखी ठेवायची. तोच पडदा, तेच अंतर, त्याच प्रकारचा इलेक्ट्रोड, बरोबर चष्मा. दाब मोजण्यासाठी टाकलेल्या भूल देणाऱ्या थेंबांनी आणि बुबुळाला टेकलेल्या उपकरणाने अश्रूंचा थर विस्कटतो, म्हणून मी पर्ग नेहमी त्याच्या आधी घ्यायला सांगते. बाहुली मोठी केल्यावर तर नाहीच. झोप नीट झालेली असावी, कारण पेंगणारा माणूस खुणेवर नजर ठेवू शकत नाही आणि त्याचा आलेख उगाच छोटा येतो.

सुरुवातीला थोड्या दिवसांच्या अंतराने दोन वेळा करून घ्या, म्हणजे तुमचा आकडा मुळात किती हलतो ते कळेल. त्यानंतरची घसरण त्या हलण्यापेक्षा मोठी असेल तरच तिला घसरण म्हणायचं.

---

पाऊलवाट

ठरवलं, करून घेतो. अहवालात काय काय असायला हवं?

---

दृष्टिलेखा

दोन्ही डोळ्यांचे मूळ आलेख, प्रत्येकी निदान दोन, एकमेकांवर ठेवलेले. नुसता 'सामान्य' किंवा 'असामान्य' असा शिक्का नको. चौकटींचा आकार, सेकंदाला किती उलटापालटी, किती नोंदींची सरासरी, कोणता इलेक्ट्रोड. चाचणीच्या वेळी लावलेली काच आणि त्या काचेतून दिसलेली दृष्टी. प्रयोगशाळेचे स्वतःचे, तुमच्या वयाचे सामान्य आकडे. गुणोत्तर काढलं असेल तर मोठ्या चौकटींचा आकडाही वेगळा लिहिलेला हवा, कारण गुणोत्तर कमी का आलं हे त्यावरूनच समजतं.

मिळालेला अहवाल डॉक्टरांना ओसीटी आणि फील्डच्या शेजारी ठेवून दाखवा. तिघांत पर्ग एकटीच वेगळं सांगत असेल तर आधी चाचणी परत करा, मग दाब जरा कमी अंतराने तपासत राहा आणि पुढची पर्ग लवकर घ्या. मधे कधी प्रयोगशाळा किंवा यंत्र बदललं तर जुने आकडे नव्याशी जोडू नका, तिथून नवीन मालिका सुरू करा.